कर्मवीर अण्णांची मुले

आपल्या मंडळाच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काही ना काही लिहून दिलेच पाहिजे असा चिटणीस बाईंचा आग्रह पडला. कोणी पाककृती दिल्या, कोणी उखाणे दिले, कोणी सहलीची हकीगत लिहिली. मी मात्र आठ दिवस कोऱ्या कागदापुढे बसून होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावात शाळा होती ती तेवढीच. पुढची शाळा दोन कोसांवर, आणि मुलीला एवढ्या लांब धाडायचे कशाला असे घरात ठरले. तेव्हापासून लेखणी हाती येते ती वाणसामानाच्या यादीपुरती.

परंतु ज्यांच्याविषयी चार शब्द लिहावे असे फार दिवस मनात होते, त्यांनी आपले सारे आयुष्य शाळेवाचून राहिलेल्या खेड्यापाड्यांतील मुलांसाठीच वेचले. त्यांच्याविषयी माझ्यासारखीनेच लिहावे, असे म्हणून धीर केला आहे. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. सारा मुलूख त्यांना अण्णा म्हणत असे.

अण्णांची ओळख मला पुस्तकातून झाली नाही, मामंजींच्या ताटामुळे झाली. मी या घरात नवी सून म्हणून आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामंजी जेवून उठले आणि आपले ताट, वाटी, तांब्या उचलून मोरीत जाऊन घासू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेजारीण पाहील तर काय म्हणेल, की सून दारात आली आणि म्हातारा भांडी घासतो! मी ताट हातातून घ्यायला गेले तर त्यांनी दिले नाही. सासूबाई हसून म्हणाल्या की त्यांच्या नादी लागू नकोस, ही बोर्डिंगातली खोड आहे. मामंजी अण्णांच्या संस्थेच्या एका वसतिगृहात राहून शिकले होते. सदऱ्याचे बटण तुटले तर ते स्वतः लावीत, खर्चाचा हिशेब रोज रात्री लिहीत, आणि ताट शेवटच्या आजारापर्यंत स्वतः धूत. त्यांच्या तोंडून अण्णांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या. पुढे मंडळाच्या वाचनालयातून अण्णांचे चरित्रही आणून वाचले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी, आजोळी झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन, शेती करणारे. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. आईचे नाव गंगाबाई. मुलगा लहानपणापासून अंगापिंडाने दणकट आणि अन्याय दिसला की गप्प न बसणारा. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट नेहमी सांगतात. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या बायाबापड्या रिकाम्या घागरी घेऊन ताटकळत उभ्या असत, पण त्यांना कोणी पाणी वाढीना. ते पाहून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. शाहू महाराजांच्या प्रेरणेने तेव्हा कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत होती. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यावे असा तिथला दंडक. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. माणसाला माणूस शिवला म्हणून अंगावर पाणी घ्यायचे, हे त्यांना पटेना. भगिनींनो, गंमत पाहा. ज्या मुलाला वसतिगृहातून बाहेर काढले, त्यानेच पुढे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली.

अण्णांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेले नाही. म्हणजे आताच्या दहावीच्या आसपास. हे मामंजींनी सांगितले तेव्हा मला खरेच वाटले नव्हते. ज्याने एवढी विद्यालये काढली तो स्वतः पदवीधर नाही! पण ते खरे आहे. पुढे ते साताऱ्यास शिकवण्या घेऊ लागले. मग ओगल्यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते झाले. कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा फार छळ झाला, परंतु ते बधले नाहीत. नांगर विकत गावोगाव फिरताना त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. पीक हाती आले तरी सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, आणि न वाचताच अंगठा उठवावा लागतो. चांगला नांगर घेऊन जमीन सुधारेल, पण मनाची मशागत कोण करणार, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर होताच.

अखेर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. पुढे १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी नाना घरची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत बसून जेवू लागली. आज आपणांला त्यात विशेष वाटणार नाही, पण तो काळ डोळ्यांपुढे आणा. विहिरीवर सावलीचा विटाळ मानणारा तो काळ होता. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

इथे आपण बायकांनी एका बाईला नमस्कार केल्यावाचून पुढे जाता कामा नये. ती म्हणजे अण्णांची पत्नी लक्ष्मीबाई. त्या कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातल्या. सासरी येताना अंगावर सोने घालून आल्या होत्या. जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या. अशा बाईच्या स्वयंपाकघरात यजमानांनी एके दिवशी नाना जातींची पोरे आणून सोडली. त्यांना ते सोपे गेले नसणार. आपल्यापैकी कोणालाही गेले नसते. पण भुकेले पोर समोर बसले की बाईच्या मनातले सोवळे किती वेळ टिकणार? हळूहळू ती सारी मुले त्यांची झाली. कोणाच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात, कोणाची खरूज धुवावी, कोणी तापाने फणफणला तर उशाशी बसावे, हे सारे त्यांनी केले.

वसतिगृहाला तेव्हा ना सरकारचा आधार, ना श्रीमंतांचा. अण्णा धान्य आणि पैसा मागत गावोगाव हिंडत. मागे कोठीत दाणा नसे. लक्ष्मीबाईंचे एकेक दागिने मोडीत गेले. पाटल्या गेल्या, गोठ गेले. शेवटी एक दिवस असा आला की अण्णा बाहेरगावी, घरात धान्य नाही आणि मुलांच्या पोटात अन्न नाही. त्या माउलीने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांना जेवू घातले. आपण हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायका आहोत. मंगळसूत्र म्हणजे काय हे मी आपणांला सांगायला नको. सौभाग्य दागिन्यात नसते हे बोलायला सोपे, पण गळ्याला हात घालताना त्यांना काय वाटले असेल ते त्यांनाच ठाऊक. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचे एकही हायस्कूल त्यांना पाहायला मिळाले नाही. आज त्यांना रयतमाउली म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. अण्णांनी मुलांना फुकट जेवू घालून शिकवले एवढेच असते तर ते एक मोठे अन्नछत्र झाले असते. पण अण्णांना भिक्षा नको होती, मुलांना लाचार करणारी दया नको होती. कमवा आणि शिका हा त्यांचा मार्ग होता. मुलांनी दळण आणावे, स्वयंपाक करावा, झाडलोट करावी, कपडे धुवावेत, शेतात राबावे, आणि मग अभ्यासाला बसावे. साताऱ्याजवळच्या पडीक माळरानावर मुलांनी कुदळ चालवली, दगड फोडले, आणि बांधकामाला हात लावला. ज्या भिंतीच्या आड बसून शिकायचे ती भिंत स्वतः बांधलेली. अशा भिंतीवर कोणता मुलगा रेघोट्या ओढील?

मामंजी सांगत, की त्यांच्या वसतिगृहात कामाच्या पाळ्या मुलेच लावीत. कोठीची किल्ली एका मुलाकडे असे आणि महिन्याचे धान्य महिनाभर पुरवणे ही त्याची जबाबदारी. एकदा मामंजींच्या पाळीला ज्वारी चार दिवस आधीच संपत आली. त्यांनी रडत जाऊन गुरुजींना सांगितले. गुरुजींनी ज्वारी दिली नाही. सगळ्या मुलांना बसवून हिशेब मांडायला लावला. कुठे जास्त गेले, उरलेल्यात चार दिवस कसे काढायचे, कोणत्या वेळी भाकरी आणि कोणत्या वेळी कण्या, हे मुलांनीच बोलून ठरवले. मोठ्या मुलांनी आपल्या वाटणीतून लहानांना दिले. मामंजी म्हणत की शाळेतल्या गणिताच्या वहीत ते पुढे काय शिकले ते विसरले, पण ते चार दिवसांचे गणित जन्मभर विसरले नाहीत.

दर आठवड्याला मुलांची बैठक होई. तक्रार असेल त्याने उभे राहून सर्वांसमोर सांगायची, मागे कुजबुजायचे नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याने तितक्याच शांतपणे उत्तर द्यायचे. खेड्यातून आलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी पोरे अशी बोलायला शिकली. आणि ज्याच्या हाताची भाकरी रोज खायची, त्याच्या जातीला नाव ठेवायचे नाही, हे कोणी पाठ करून घेतले नाही, ते आपोआप अंगी आले. नागरिकशास्त्राचे पुस्तक त्यांनाही होतेच, पण खरे नागरिकशास्त्र ते पंक्तीत शिकले.

अण्णांनी पुढे कामाचा पसारा फार वाढवला. खेड्यात शाळा काढायची तर शिक्षक पाहिजेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्यानंतर शेकडो खेड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या. कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे झाडाखाली. तिथे गेलेले तरुण शिक्षक म्हणजे अण्णांच्याच हाताखाली तयार झालेली मुले. अनोळखी गावात जायचे, पाटलाला आणि पंचांना भेटायचे, जागा मागायची, आईबापांची समजूत घालून पोरे शाळेत आणायची. हे काम पुस्तकी हुशारीने होत नाही. त्याला माणसांशी बोलता यावे लागते आणि अडचण आली तर वाट काढता यावी लागते. ती तयारी त्यांची आधीच झालेली होती.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. माध्यमिक शिक्षण तेव्हा शहरातल्या आणि पैसेवाल्या घरांपुरते होते. इथे गरिबाच्या मुलाने श्रम करावेत, वसतिगृहात राहावे आणि फी न भरता हायस्कूल शिकावे अशी सोय झाली. चौदापंधरा वर्षांचा मुलगा हा घरात ना लहान ना मोठा. त्याच वयात तो घडतो किंवा बिघडतो. अण्णांनी त्याच वयाच्या मुलांच्या हाती एका वेळी पुस्तक आणि कुदळ दिली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले आणि तिथेही काम करून शिकण्याचा तोच रिवाज ठेवला. पुढे १९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज निघाले.

१९४८ साली महात्माजींची हत्या झाली. तेव्हा गांधीजींच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. परंतु अण्णा स्पष्टवक्ते. सरकारवर त्यांनी केलेली टीका सरकारला रुचली नाही आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शिक्षकांचे पगार थकले, वसतिगृहे अडचणीत आली. त्या कठीण दिवसांत लोकांनी हात दिला आणि गाडगेबाबांनीही सरकारदरबारी शब्द खर्च केला. एकाने हातात झाडू घेतलेला, दुसऱ्याच्या अंगावर घोंगडी आणि पाय अनवाणी. शाळेत फारसे न शिकलेल्या या दोन माणसांनी महाराष्ट्राच्या शिक्षणाची केवढी काळजी वाहिली!

मामंजींनी अण्णांना एकदाच जवळून पाहिले होते. पांढरी शुभ्र दाढी, खादीचे कपडे, उघडे पाय आणि हातात काठी. मुले रांगेने उभी होती. अण्णांनी भाषण केले नाही. ते आधी स्वयंपाकघरात गेले, भाकरी मोडून पाहिली, मग मुलांचे हात पाहत रांगेतून फिरले. मामंजींच्या तळहाताला कुदळीने घट्टे पडले होते. अण्णांनी तो हात क्षणभर हातात धरला आणि पुढे गेले. एवढीच ती भेट. पण ती सांगताना मामंजी आपला म्हातारा हात उघडून त्याच्याकडे पाहत असत.

१९५९ साली भारत सरकारने अण्णांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डी. लिट. पदवी दिली. इंग्रजी सहावीवर थांबलेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर केले. आणि त्याच वर्षी, ९ मे १९५९ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे, आणि खरोखरच त्या वडाच्या पारंब्या आज गावोगाव रुजल्या आहेत. शाहू बोर्डिंगात वाढलेले एक गरीब विद्यार्थी, पी. जी. पाटील, पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. असे मोठे झालेले पुष्कळ आहेत. पण मला मामंजींसारखे मोठे न झालेलेही तितकेच मोलाचे वाटतात. ते साधे कारकून म्हणून निवृत्त झाले. मात्र गल्लीत कोणाचे भांडण झाले, कोणाचा अर्ज लिहायचा असला, कोणाला दवाखान्यात न्यायचे असले, की लोक आधी त्यांना हाक मारीत.

हे सारे लिहिण्याला एक कारण घडले. माझा धाकटा मुलगा आता नववीत आहे. मार्क चांगले पडतात. गेल्या वर्षी मी आजारी पडले तेव्हा त्याला बँकेत पैसे काढायला पाठवले. तासाभराने पोर हात हलवीत परत आले. कागद कसा भरायचा हे त्याला कळेना आणि खिडकीतल्या माणसाला विचारायचा धीर होईना. व्याजाची अवघड उदाहरणे पटापट सोडवणारा मुलगा, आणि चार ओळींचा कागद भरता येत नाही! मला आधी त्याचा राग आला. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला, की यात चूक कोणाची? अभ्यास कर, बाकीचे मी बघते, असे त्याला उठता बसता मीच सांगत आले. त्याचे ताट मी उचलते, त्याचे दप्तर मी भरते, त्याच्या भांडणात मी जाऊन बोलते. लक्ष्मीबाईंनी परक्या मुलांसाठी गळ्यातले दिले, पण त्यांच्या हातचे काम काढून घेतले नाही. मी पोटच्या मुलासाठी सारे केले आणि त्याचे हातच बांधून ठेवले. मामंजींचे ताट इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते, पण मला ते दिसले नाही.

बरी झाल्यावर मी घरात दोन नियम केले. ताट ज्याचे त्याने धुवायचे, आणि महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब मुलाने ठेवायचा. पहिल्या महिन्यात त्याने तेल कमी आणले आणि साखर दुप्पट. शेवटचे आठ दिवस आम्ही फोडणीला थेंब थेंब तेल घातले. मी दुकानात धावले नाही. फार कठीण गेले, पण धावले नाही. दुसऱ्या महिन्याला त्याने आपण होऊन मला विचारले की आठवड्याला किती तेल लागते. आता तो वाण्याशी भावाबद्दलही बोलतो. बँकेत तर परवा शेजारच्या आजीबाईंचा कागद त्यानेच भरून दिला.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणाला अण्णांसारखी शाळा काढता येणार नाही. पण आपल्या गल्लीत आठवी ते दहावीची पुष्कळ मुले-मुली आहेत. पुढल्या वर्धापन दिनाची बैठकव्यवस्था, खर्चाचा हिशेब आणि पाहुण्यांची सरबराई त्यांच्याकडे सोपवावी, असे मी मंडळाच्या बैठकीत सुचवणार आहे. चहा कदाचित कमी पडेल, खुर्च्या कदाचित उशिरा लागतील. आपण पदर खोचून उठायचे नाही, बसून राहायचे. आणि मुलींना कामाला आणि मुलांना हिशेबाला अशी वाटणी करायची नाही. सर्वांनी सर्व करावे. मुलगी म्हणून सातवीला थांबलेल्या बाईची एवढी विनंती मंडळाने मान्य करावी.

लिहिताना चुकले असेल ते सांभाळून घ्यावे.